चिंचवड ते पवना धरण : सायकल फेरीच्या नोंदी

8 सप्टेंबर 2024, रविवार

दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून मोरया गोसावींच्या घाटावर थांबलो होतो. मूर्ती हौदात सोडली. पवना नदीला पाणी भरपूर, गढूळ, काठावर जलपर्णीचे पुंजके अडकलेले. ताई बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "चोपन्न वर्षं या नदीचं पाणी पितेय. धरण एकदाही बघितलं नाही. गाडीत बसून नाही जायचं मला. सायकलनं ने."

दोन वर्षांपूर्वी तिनं सायकल पुन्हा हातात घेतली. रोज पहाटे वीस किलोमीटर, पाऊस असला तरी. तिच्या तोंडून हे आलं म्हणजे ते होणार. आजपासून या वहीत पवना धरणाची फेरी. अट एकच ठेवली आहे: गेलो त्या रस्त्यानं परत यायचं नाही, आणि ताईला सायकल हातात धरून चालावं लागेल असा एकही चढ नको.

10 सप्टेंबर, मंगळवार

रात्री नकाशा पसरून बसलो. धरणाकडे जायला आपल्या बाजूनं तीन वाटा आहेत. पहिली जुन्या मुंबई महामार्गानं देहूरोड, वडगाव, कामशेत आणि तिथून डावीकडे पवनानगर. दुसरी सोमाटणे फाट्यावरून परंदवडी, बेबडओहोळ करत आतून जाणारी. तिसरी दक्षिणेकडून: हिंजवडी, माण, घोटावडे, पौड, मग कोळवण, हाडशी, जवण, तिकोना पेठ. पहिली आणि तिसरी जोडली तर धरण बरोबर मधे येतं आणि एक मोठा फेरा पुरा होतो. अंतर 115 ते 120 किलोमीटर भरतंय.

फेरीची सुरुवात चिंचवडगावातूनच हवी, म्हणून वाल्हेकरवाडी, रावेत, किवळ्याचा मुकाई चौक आणि तिथून देहूरोड असं धरलं. निगडीवरून रस्ता रुंद आहे, पण रावेतवरून गेलं की थोडा वेळ तरी नदीच्या संगतीनं जाता येतं. रावेतच्या बंधाऱ्यावरच महापालिका आपलं पाणी उचलते. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून तिथवर येतं, मग निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन टाक्यांत चढतं. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, मग रावेत सोडायचं नाहीच.

15 सप्टेंबर, रविवार

भाच्याला मागे बसवून स्कूटरवर बेबडओहोळची वाट पाहून आलो. शांत आहे, दोन्ही बाजूंना ऊस आणि मधेमधे गुलाबाची पॉलिहाऊसं. मला फार आवडली. पण रस्त्याचं काम चालू आहे, बऱ्याच पट्ट्यात नुसती खडी पसरलेली. अठ्ठावीस मिलीमीटरच्या टायरला ही खडी झेपणार नाही, आणि मोठी गाडी समोरून आली की सायकलला कडेला उतरायला जागाच नाही. ही वाट पुढच्या वर्षासाठी ठेवली.

भाचा विचारत होता, गूगल दाखवतं तोच रस्ता का नाही घ्यायचा? नकाशा अंतर सांगतो. कडेची पट्टी किती रुंद आहे, तिथं वाळू साचली आहे का, कुत्री कुठल्या वळणावर बसतात, हातपंप कुठे चालू आहे, बाईमाणसाला आडोसा कुठे मिळेल, हे तिथं जाऊनच कळतं. शेवटची गोष्ट तर पुरुषांच्या आखणीत हमखास राहून जाते. ती मी या वेळी आधी लिहून घेतोय: कामशेत बसस्थानक, पवनानगर, तिकोना पेठेतली खानावळ, पौड.

22 सप्टेंबर, रविवार

एकटा, सायकलवर. पहाटे 5:30 ला निघालो, कामशेतला 7:20. जुना महामार्ग या वेळेला सुसह्य आहे. देहूरोडच्या लष्करी भागात झाडं आहेत, गारवा आहे. वडगावला महादजी शिंद्यांच्या पुतळ्यापाशी पाणी प्यायलो. 1779 च्या जानेवारीत इंग्रजांना तह करायला लागला तो याच वडगावात. लहानपणी शाळेच्या सहलीत इथं आणलं होतं, तेव्हा नुसती भेळ लक्षात राहिली होती. वडगाव सोडलं की कामशेतच्या खिंडीची चढण. लांब आहे, पण अंगावर येत नाही.

खिंडीच्या आधी पंक्चर झालं. मागचं चाक. याबद्दल सविस्तर लिहितो, कारण ताईच्या बाबतीतही हेच होणार आहे. टायर रिमवरून सोडवला, ट्यूब बाहेर काढून थोडी हवा भरली आणि ओठांजवळून सावकाश फिरवली. बारीक छिद्राची हवा बोटांना लागत नाही, ओठांना लागते. टायरवरचा छाप नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असा बसवतो, त्यामुळे ट्यूबला छिद्र कुठे आहे हे कळलं की टायरमध्येही तीच जागा शोधता येते. तिथं आतून अंगठा फिरवला तर काहीच लागेना. टायर उलटा वाकवून उजेडात धरला, तेव्हा केसाएवढी बारीक तार चमकली. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या आतल्या पोलादी जाळीच्या तारा तुटून महामार्गाच्या कडेला पसरतात. सायकलवाले कडेनंच जातात, आणि त्यांनाच त्या लागतात. चिमट्यानं ओढून काढली, सेंटिमीटरभर होती. ती न काढता नवी ट्यूब घातली असती तर शंभर पावलांत पुन्हा बसलो असतो. सामानाच्या यादीत चिमटा, दोन ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन.

कामशेतहून डावीकडे वळून एक्स्प्रेसवे ओलांडला की जग बदलतं. भातखाचरं पोटरीला आलेली, बांधावर सोनकी आणि तेरडा. करुंजजवळ बेडसे लेण्यांची पाटी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातलं चैत्यगृह आहे, दाराशी उंच खांब, वर घोडे आणि हत्तींवर बसलेली जोडपी. या फेरीत नाही. लेण्यांना स्वतंत्र दिवस द्यायला हवा.

याच भागात, बऊरला, 9 ऑगस्ट 2011 ला बंद जलवाहिनीच्या विरोधातल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. ही पाइपलाइन धरणातून थेट आपल्या शहरात पाणी आणणार होती. मी तेव्हा चिंचवडमध्ये बसून पेपरात वाचलं होतं. आज त्या शिवारातून सायकलनं जाताना वेग आपोआप कमी झाला.

पवनानगरला, म्हणजे काळे कॉलनीत, टपरीवर चहा घेतला. शेजारी एक आजोबा बसले होते. कुठून आला विचारलं, मी चिंचवड म्हणालो. त्यांनी काठीनं पश्चिमेकडे दाखवलं. "आमचं घर तिकडं, पाण्याखाली. पाणी तुमच्याकडं." रागानं नाही म्हणाले, जागेची ओळख करून द्यावी तसं म्हणाले. धरण 1972 सालचं, साडेआठ टीएमसीचं, म्हणजे साडेआठ अब्ज घनफूट पाण्याचं. धरणग्रस्तांच्या जमिनींचा प्रश्न आजही सुटलेला नाही. चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

तिथूनच आल्या वाटेनं परतलो. साडेअकराला वडगावपासून महामार्ग गच्च. लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्या, कडेच्या पट्टीवर दुचाक्या घुसलेल्या. हा रस्ता दुपारी नको, कुठल्याही परिस्थितीत नको.

26 सप्टेंबर, गुरुवार

कालपासून पाऊस धो धो. सायकल बाहेर नाही.

28 सप्टेंबर, शनिवार

ताईच्या सायकलचे गिअर बदलून घेतले. तिच्या सायकलीला पुढची लहान चकती 34 दात्यांची, मागची सगळ्यात मोठी 28 ची. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक 1.21 वेळा फिरतं. चाकाचा घेर 2.1 मीटर धरला आणि मिनिटाला साठ फेरे, तर वेग ताशी साधारण सव्वानऊ किलोमीटर येतो. चढावर तिचा वेग सातच्या आसपास असतो. म्हणजे तिला साठऐवजी पंचेचाळीस फेऱ्यांवर, गुडघ्यावर जोर देऊन चढावं लागत होतं. गुडघे का दुखतात ते आज कळलं. मागे 34 ची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बसवली. आता एका फेऱ्याला चाक बरोबर एकदा फिरतं, साठ फेऱ्यांना साडेसात किलोमीटर. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) 34 पर्यंत चालतो हे सायकलवाल्या काकांनी आधी तपासलं, आणि जुनी चेन अपुरी पडते म्हणून नवी, लांब चेन बसवली. ब्रेक पॅडही नवे.

काकांनी ताईला सायकल स्टँडवर लावून दहा वेळा गिअर बदलायला लावले. "चढ सुरू झाल्यावर नाही, चढ दिसल्यावर गिअर टाका," असं बजावलं. ताईनं शाळेतल्या मुलीसारखं मान डोलावून ऐकलं.

2 ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंतीची सुट्टी. आज दुसरी बाजू पाहिली, पौडकडून उलटं. भाचाही सायकलवर आला. हिंजवडी ओलांडताना जीव मुठीत. इतर दिवशी आयटीची गर्दी असते, त्यात मेट्रोच्या कामाची धूळ. आज कंपन्या बंद होत्या म्हणून निभावलं. रविवारी तर हा रस्ता मोकळाच मिळेल. माणच्या पुढे घोटावड्यापर्यंत खेडी, ऊस, वीटभट्ट्या. घोटावडे फाट्याला पौड रस्त्याला लागलो. पौडपर्यंतचा टप्पा गाड्यांचा, पण थोडाच आहे.

पौडला उजवीकडे वळून कोळवणच्या खोऱ्यात शिरलो, आणि दोघंही गप्प झालो. वळकी नदीचं हे खोरं भाताचं आहे. वाऱ्यावर इंद्रायणी जातीच्या भाताचा वास येतो, शिजलेल्या भाताचा नव्हे, उभ्या पिकाचा, ओला, किंचित दुधाळ. एक बाई बांधावर बसून भाकरी खात होत्या. "कुठं चालला एवढं मरमर करत?" त्यांनी विचारलं. धरणावर, म्हणालो. "मग बसा की, पाणी प्या." बसलो, पाणी प्यायलो.

हाडशीची चढण ही या फेरीतली खरी परीक्षा. मुळशी आणि मावळ यांच्यामधला हा डोंगर आहे, दोन नद्यांची खोरी इथं वेगळी होतात. वर पोचलो आणि समोर तिकोना किल्ला दिसला, नावाप्रमाणे त्रिकोणी. जवणकडे उतरताना दोन वळणांवर खडी आहे. भाच्याचं मागचं चाक तिथं सरकलं, पडला नाही. त्या वळणांच्या आधी थांबून खुणा लिहून घेतल्या: पहिलं वळण उंबराच्या झाडानंतर लगेच, दुसरं सिमेंटच्या कठड्याशी.

आता दिशेचा निर्णय. पौडकडून आलो तर तळं डाव्या हाताला पडतं, आपल्याच बाजूला. कधीही थांबता येतं, रस्ता ओलांडावा लागत नाही. सायकलवाल्यासाठी ही मोठी सोय आहे. पण मग परतीला जुना महामार्ग दुपारी येतो, आणि 22 तारखेची ती गर्दी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. कामशेतकडून गेलो तर महामार्ग पहाटे संपतो, दुपारी हिंजवडी रविवारची मोकळी मिळते, फक्त तळं उजवीकडे येतं. भाचा म्हणाला, मामा, तळं बघायला जातोय ना आपण, मग तळ्याची बाजू महत्त्वाची. त्याचं म्हणणं कळतं. तरी कामशेतकडूनच जायचं. रस्ता ओलांडण्याची एकच जागा ठरवली: तिकोना पेठेच्या अलीकडे, जिथं रस्ता सरळ आहे आणि दोन्हीकडे दीडशे-दोनशे मीटर दिसतं. मधे कितीही सुंदर दिसलं तरी तिथपर्यंत थांबायचं नाही.

काठावर तंबूवाल्यांच्या जागा खूप झाल्या आहेत. त्यांच्या कुंपणाआडून तळं बघायचं नाही. आम्ही ठरवलेल्या जागी नुसता उतार आहे, गवत आहे आणि पाणी.

6 ऑक्टोबर, रविवार

ताईबरोबर वडगाव आणि परत. नवे गिअर तिला मानवले. देहूरोडला थांबून पंक्चर काढण्याचा सराव केला. टायर तिनं स्वतः सोडवला, बसवताना शेवटची वीत मात्र दोन अंगठ्यांनी ढकलूनही जाईना. टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत आणली की ढिलाई मिळते, हे दाखवलं. दुसऱ्यांदा तिनं एकटीनं बसवला. चेहऱ्यावर काळे डाग आणि हसू.

12 ऑक्टोबर, शनिवार, दसरा

तिन्ही सायकली धुतल्या, चेनला तेल, हँडलला झेंडूची माळ. आईनं हळदकुंकू वाहिलं. फेरीची तारीख ठरली: 3 नोव्हेंबर. त्या दिवशी रविवार आहे आणि भाऊबीजही. ताईनंच सुचवलं. "ओवाळते तिथंच. घरी परतेपर्यंत तुझा उपास नको."

27 ऑक्टोबर, रविवार

शेवटची तपासणी. हाडशीच्या चढापुरता गेलो. ताई बरोबर होती, आईला भाच्याबरोबर गाडीतून जवणपर्यंत आणलं. ताईनं चढ न उतरता पार केला. मीटरवर वेग बघत होतो: सात, साडेसहा, सहा, पुन्हा सात. शेवटच्या वळणावर ती काहीतरी पुटपुटत होती. वर आल्यावर कळलं, पावकी म्हणत होती. सव्वीस वर्षं शाळेत तेच घोकून घेतलंय.

शेतांत कापणी सुरू झाली आहे. रस्त्यावर भाताच्या पेंढ्या वाळत घातलेल्या असतात, त्यावरून सायकल न्यायची नाही, चाकही घसरतं आणि धान्यही जातं.

3 नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

पहाटे 5:10 ला चिंचवडगाव. सगळ्यांच्या पुढे पांढरा, मागे लाल दिवा. रावेतला पोचलो तेव्हा अजून अंधारच होता, बंधारा दिसला नाही, नुसता पाण्याचा आवाज. देहूरोड 6:00, वडगाव 6:40, उजाडत होतं. दिवाळीच्या सुट्टीमुळे महामार्गावर गाड्या जास्त होत्या, पण कामशेत साडेसातच्या आत गाठलं. पंक्चर नाही. कामशेतला वडापाव आणि पिशवीतले शंकरपाळे.

पवनानगरला टपरीवरचे आजोबा दिसले नाहीत. टपरीवाल्यांच्या हाती त्यांच्यासाठी आईनं दिलेला फराळाचा डबा ठेवला. चकली, करंजी, अनारसे.

नदी ओलांडली, वळण घेतलं, आणि झाडांच्या फटीतून पहिल्यांदा पाणी दिसलं. ताई थांबली नाही. ठरल्याप्रमाणे सरळ चालवत राहिली, पण मान उजवीकडे. मी मागून ओरडलो, "ताई, पुढे बघ!" ती म्हणाली, "बघते रे, रस्ता कुठे जातोय पळून."

ठरवलेल्या जागी 9:40 ला रस्ता ओलांडला. पाणी काठोकाठ, वाऱ्यानं बारीक सुरकुत्या पडलेल्या. पलीकडे लोहगड आणि विसापूर, डावीकडे तुंगचं टोक. ताईनं हँडलच्या पिशवीतून स्टीलची छोटी ताटली काढली, कुंकवाची डबी, सुपारी, निरांजन. गवतावर मला बसवलं, डोक्यावर रुमाल टाकला. वात तीनदा विझली. चौथ्यांदा भाच्यानं दोन्ही हातांचा आडोसा धरला, मग लागली. बोटातली अंगठी आणि सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं, करंजी भरवली. मी ओवाळणीत तिच्या सायकलसाठी घेतलेला मागचा नवा दिवा ताटलीत ठेवला. तिनं तो तिथंच सीटखाली बसवला.

मग ती चपला काढून पाण्यात उतरली. पावलं भिजतील एवढीच. ओंजळ भरून पाणी डोळ्यांना लावलं आणि बराच वेळ बोलली नाही.

तिकोना पेठेत पिठलं-भाकरी. हाडशीचा चढ 11:30 च्या उन्हात आला, हे माझ्या आखणीत चुकलं. ताईनं तो चढलाच, पण वर पोचल्यावर तिला दहा मिनिटं सावलीत बसवावं लागलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं. तळ्यावर आम्ही पाऊण तास जास्त थांबलो होतो. पुढच्या खेपेला निघायची वेळ पहाटे 4:30, थांबण्याची वेळ तीच ठेवून.

पौड 1:15. घोटावडे फाटा, माण, हिंजवडी. मोठमोठ्या इमारती आणि रिकामे रस्ते, सिग्नलला आम्ही तिघंच. चिंचवडगावात 3:20. मीटरवर 117 किलोमीटर.

4 नोव्हेंबर, सोमवार

आज आमच्या भागात पाण्याचा दिवस. 2019 च्या नोव्हेंबरपासून शहराला एक दिवसाआड पाणी येतं, त्याची सवय झाली आहे. सकाळी साडेसहाला ताईचा फोन. पाय दुखताहेत का विचारायला मी तोंड उघडतोय, तोवर तीच म्हणाली, "नळ चालू आहे. ऐकू येतंय का?" फोन तिनं बादलीजवळ धरला होता. मग म्हणाली, रावेतला अंधार होता, ते राहिलं. बंधारा उजेडात बघायचाय.

वहीत नवीन पान. पुढचा रविवार, 10 नोव्हेंबर, रावेत बंधारा. जाऊन-येऊन बारा किलोमीटर. सकाळी सातला निघायचं, उजेड झाल्यावर.